बाबांच्या नाकावरचे काळे टिपके

तेलकट कातडी मला बाबांकडून मिळाली. सकाळी तोंड धुवावं तर दहा वाजेपर्यंत कपाळ पुन्हा चकाकायचं. बाबा तर शहापूरजवळच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. दिवसभर भट्टीत धानाचा भुसा लोटायचा आणि धूळ तोंडावर घ्यायची. मिलमधले गडी चिडवायचे, "तुह्या तोंडाच्या तेलात भजे निघन लेका." बाबा हसायचे. त्यांचं नाक काळ्या टिपक्यांनी गच्च भरलेलं होतं. ब्लॅकहेड्स हा शब्द मी कॉलेजात शिकले आणि तेव्हापासून मला त्या नाकाची लाज वाटायला लागली. खोटं कशाला सांगू.

माझं नाक मी सांभाळायची. आधी वाफ घ्यायची, मग ओल्या फडक्यानं हलकेच पुसायचं, नख लावायचं नाही. हे सगळं मला येत होतं, पण बाबांना कधी सांगितलं नाही. लाखांदूरचे पाहुणे मला पाहायला येणार असं ठरलं, तेव्हा मात्र तोंड उघडलं.

"बाबा, ते नाक साफ करा ना. पाहुण्याईसमोर कसं दिसते ते."

"कायनं करू?"

"मले काय मालूम," म्हणून मी आत निघून गेले. त्या उत्तराचा मला आजही संताप येतो.

बाबांनी मिलमधून भुशाची राखड आणली. आमच्याकडे घरोघरी तिनंच भांडी घासत, बाबा दातही तिनंच घासायचे. कढईचं तेल निघते तर नाकाचं काहून नाही निघणार, असा त्यांचा विचार. राखडीत लिंबू पिळून त्यांनी नाक न् गाल घासले, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी कातडी सोलून निघाली. काळे टिपके होते तिथंच होते. आई त्यावर खोबरेल तेल लावत होती आणि तोंडानं शिव्या देत होती.

पंधरा दिवसांनी पाहुणे आले, तोवर खपल्या पडून पांढुरके चट्टे उरले होते. मुलाच्या मामानं पोहे खाता खाता बाबांकडे पाहिलं, प्लेट खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. आमच्या भागात असा चट्टा दिसला की लोकांच्या मनात आधी महारोग येतो. नकार आला. मध्यस्थानं कारण आईला सांगितलं आणि आईनं रागाच्या भरात बाबांना.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर न जाता सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चट्ट्यावर पीस फिरवून पाहिलं, टाचणी टोचून पाहिली आणि काही नाही म्हणाले. बाबा हटूनच बसले, तेव्हा त्यांनी कागदावर लिहून दिलं की या इसमास कुष्ठरोग नाही. तो कागद बाबांनी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाबा तर आता पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

उन्हाळ्यात एकोडीहून दुसरे पाहुणे आले. चट्टे केव्हाच मिटले होते. मुलगा मास्तर होता. मला आवडला होता, फार आवडला होता. त्याच्या आईनं मला जवळ बसवून माझा हात हातात घेतला. बोलणी तारखेवर आली. तेवढ्यात बाबांनी खिशातून पन्नी काढली आणि मुलाच्या वडिलांपुढे कागद उलगडला.

"पाहून घ्या भाऊ. मले तो रोग नाही. डॉक्टरनं लेहून देल्लं आहे."

कोणी काही विचारलंच नव्हतं. मुलाच्या वडिलांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला. त्याच्या आईनं माझा हात सोडला. कळवतो म्हणून मंडळी उठली.

त्यांना एसटीत बसवून बाबा परत आले आणि खाटेवर पाय पसरून बसले. किती महिन्यांनी ते असे निवांत बसले होते.

"आता जमलंच समज," ते म्हणाले. "कागद पूरा वाचला ना त्याईनं?"

"हो बाबा," मी म्हटलं. "पूरा वाचला."