मागच्या कुंपणातला फास

क्लचवायरचा फास मानेत बसला की कुत्र्याला भुंकता येत नाही. म्हणून अक्काचा कुत्रा मेलेला कुणाला कळलाच नाही. सकाळी मेंढरं मोजताना तो दिसेना, तेव्हा तिने शोधाशोध केली. मक्याच्या बांधावर तो सापडला. मागचे दोन पाय जमिनीला टेकलेले, पुढचे हवेत, जीभ काळीनिळी. खुंट्याभोवतीची माती त्याने नखांनी इतकी उकरली होती की तिथे आळं झालं होतं. तार मानेत एवढी रुतली होती की अक्काला ती दिसेना. हाताने चाचपून तिने ती शोधली.

अक्का साक्रीकडची, ठेलारी मेंढपाळांतली. हिवाळ्यात मेंढरं घेऊन चोपड्याकडे यायची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रिकाम्या वावरात बसायची. मी त्या गावात केळी घ्यायला जायचो. त्या दिवशी मी तिथेच होतो, त्यामुळे ते मला पाहावं लागलं.

फास लावणं सोपं असतं. मोटारसायकलची जुनी क्लचवायर घ्यायची, एका टोकाला सरकती गाठ मारायची, दुसरं टोक खुंट्याला बांधायचं. कुंपणातून रानडुक्कर जिथे शिरतं ती फट हेरून तिथे फास टांगायचा. जनावर डोकं घालतं, अडकतं आणि पुढेच ओढतं. ओढेल तेवढी तार आत जाते. अडकलेलं डुक्कर मी पाहिलंय. चार माणसं पहारी घेऊन त्याच्या डोक्यात घालत होती आणि ते तरीही उठत होतं. शेवटी एकाने कानामागे पहार रोवली आणि तिच्यावर उभा राहिला.

डुकराबद्दल मला कळवळा नव्हता. लावलेली केळी ते एका रात्रीत उलथून टाकतं, कंद खातं, ठिबकच्या नळ्या चावून ठेवतं. शेतकऱ्याची चीड मला कळत होती. पण माझ्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर माझी कुत्री तांबडी बसायची. सावद्याच्या ट्रकअड्ड्यावर मी घड वाहणारा हमाल होतो, तेव्हा ती पिल्लू होती. हमालाचा व्यापारी झालो तरी माझ्याशी तशीच वागणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांच्या तोंडी एकच, व्यापारी म्हणजे चोर. हे ऐकून ऐकून माझं डोकं कायम तापलेलं असतं आणि ते निवावं असं मला वाटतही नाही.

अक्काच्या कुत्र्यावरून गावात सभा झाली. वनरक्षकही आला. त्याने उभ्यानेच सांगितलं, "फास लावणं गुन्हा आहे. तार सापडली की केस होणार. नुकसान झालं तर अर्ज करा, पंचनामा होईल."

एक नाना होते, त्या गावचे जुने केळीवाले. उभं आयुष्य केळीत गेलेला हा माणूस बोलायला तिखट. ते बसूनच म्हणाले, "साहेब, तुम्ही पंचनामाले येतस तवलोंग डुक्कर चोपडा सोडीसन यावलले जास."

सभा हसली. वनरक्षकही हसला, चहा प्याला आणि गेला. त्याच्या गाडीचा आवाज विरला आणि खरी सभा सुरू झाली.

अक्का उभी राहिली. "लांडगाना म्होरे उभा राहे मना कुत्रा. तुमना तारनी मारं त्याले."

मागून कुणीतरी विचारलं, "पन अक्का, तो वावरमा कसाले उना?"

"कुत्रा शे तो, भाऊ. त्याले सातबारा वाचता येस का?"

मी म्हणालो, फास बंद करा, एकही नको. गावात कुत्री आहेत, वासरं आहेत, उद्या एखादं पोर अडकेल. नाना माझ्याकडे वळले. "तू तं केळी घेवाले येस अन घर जास. रातले डुकरं मन्या केळीस्मा येतस, तुन्या ट्रकमा नही."

पुन्हा हशा झाला. माझं रक्त उसळलं, पण धंद्यात मी एक शिकलोय. पूर्ण मिळत नसेल तर अर्ध्यावर सौदा मिटवायचा आणि उठायचं. तासभर घासाघीस करून मी तो मिटवला. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाजूला फास लावायचा नाही, फक्त शेताच्या मागच्या कुंपणात लावायचा. फासावर लाल फडकं बांधायचं, म्हणजे माणसाला लांबून दिसेल. दिवस निघताच फास काढून ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का उठून मेंढरांकडे गेली. दुसऱ्याच दिवशी तिने मेंढरं हाकली.

त्यानंतर नानांचा एक बाग कापणीला आला. केळी बघायला व्यापारी गेला की शेतकरी त्याला पुढून नेतो. पुढच्या ओळींना पाणी, खत, सगळं नीट मिळालेलं असतं. घड बघून व्यापारी खूश होतो आणि भाव बोलून बसतो. मी कधीच पुढून जात नाही. मागून शिरतो, जिथे नळीचं पाणी पोचत नाही आणि घड बारीक राहतात. आधी ते बघतो, मग पुढे येऊन बोलतो. आमच्या धंद्यात मुरलेले सगळे असंच करतात.

त्या सकाळीही तसंच केलं. ऊन चांगलं वर आलं होतं, म्हणजे फास काढलेले असणार. कापणीची टोळी पिकअपमधून उतरत होती. मी मागच्या नाल्यातून चढलो. तांबडी नेहमीप्रमाणे पुढे. कुंपणाच्या फटीत तिने डोकं घातलं, खांदे घातले, आणि एकदम मागे खेचल्यासारखी थांबली. मग किंचाळली.

फास मानेत बसला नव्हता, कमरेत बसला होता. ती पुढे उसळली, तार आवळली. पुन्हा उसळली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली, तेव्हा तिने माझ्या पंजात दात रोवले आणि सोडले नाहीत. अंगठ्याखालचं मांस लोंबायला लागलं. मी दुसऱ्या हाताने गाठ चाचपत होतो. ती केसांत, केसांतून कातडीत गेली होती, आणि रक्ताने बोटं घसरत होती. टोळीतल्या एकाने केळी कापायचा विळा आणला. विळ्याने तार तुटते थोडीच! त्याने खुंटा उपटायला घेतला, तर तांबडी हादऱ्याने आणखी उसळली आणि तिच्या पोटातून काहीतरी पांढरट बाहेर दिसलं.

नाना आले. त्यांच्या हातात पक्कड होती. आरडाओरडा ऐकून ती घेऊनच आले होते. आपला फास कसा तोडायचा हे त्यांना ठाऊक होतं.

"मांगून कसाले उना तू? चोर येतस मांगून."

"नाना, तार कापा!"

"कापस ना. पहिले सांग, फॉरेस्टवालास्कडे जाशी का?"

"लाल फडकं कुठंय? ऊन डोक्यावर आलं, फास काढला का नाही?"

"लाल फडकं देखीसन डुक्कर मांगे फिरस. मंग फास काय आरती कराले लावू? अन मांगली बाजू तूच ठरवी व्हती ना सभामा?"

तांबडी आता किंचाळत नव्हती. तोंड उघडं टाकून धापत होती, आणि प्रत्येक धापेला तार दिसेनाशी होत होती. मी नानांवर झेप घेतली. त्यांनी पक्कड पाठीमागे धरली आणि मागे सरकले. टोळीतल्या दोघांनी मला धरलं. एक माझ्या कानात म्हणाला, "शेठ, हो म्हना. कुत्री मरी जाई."

आयुष्यात समोरच्याने बोललेला पहिला भाव मी कधी मान्य केलेला नाही. तेव्हा केला.

"नाही जाणार. कुणाकडे तक्रार करणार नाही."

"आस नही. यास्ना म्होरे सांग, मोठ्याने."

मी टोळीसमोर मोठ्याने सांगितलं. नानांनी एका झटक्यात तार तोडली.

जनावरांच्या डॉक्टरने टाके घातले, इंजेक्शनं दिली. तांबडी काही दिवस जगली. घरात कोपऱ्यात पडून असायची, जखमेला वास येत होता. एका दुपारी तिने पाण्यात तोंड घातलं आणि वर काढलं नाही.

लोक म्हणाले, आता जा वनखात्यात, आता कसला शब्द? जिच्यासाठी दिला तीच गेली. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे सगळा व्यवहार तोंडी चालतो. घड झाडावरून उतरला की तो व्यापाऱ्याचा. मग तो वाटेत पिकला, सडला, ट्रक उलटला, तरी परत शेतकऱ्याकडे जात नाही. कुत्री मी जिवंत उतरवून घेतली होती. पुढचं नुकसान माझं. ज्या दिवशी मी शब्द फिरवीन त्या दिवशी चोर म्हणणाऱ्यांचं खरं होईल, आणि ते मी नानांना मिळू देणार नव्हतो.

पण शब्द फक्त तक्रार न करण्याचा होता. मी बाजारातून लांब दांड्याची तार कापायची कात्री आणली. पहाटे, डुकरं परतली आणि माणसं उठली नाहीत अशा वेळी, त्या गावच्या मागच्या कुंपणांनी चालत जायला लागलो. फास दिसला की तोडायचा, तुकडे करून नाल्यात टाकायचे. फास मुळात गुन्हा, त्यामुळे तोडला म्हणून ओरडायची कुणाची सोय नव्हती. एका फासात ससा होता, अर्धा खाल्लेला. एकात घोरपड होती, जिवंत, तिने सोडवताना शेपटीचे फटके मारले. नानांच्या कुंपणात दर वेळी नवी तार असायची. डुकरांनी त्यांच्या नव्या लागणीच्या तीन ओळी झोपवल्या. मी त्या पाहिल्या आणि पुढे चालत राहिलो.

एका पहाटे नाना फटीमागे दबा धरून बसले होते. मी कात्री लावली आणि त्यांची काठी माझ्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरी काठी खांद्यावर आली. तिसरी मी डाव्या हाताने धरली, ओढली आणि म्हातारा कुंपणावर येऊन आदळला. बाभळीचे काटे त्यांच्या गालात शिरले. मी त्यांची मान धरली. माझ्या बोटांखाली त्यांची शीर उडत होती आणि मला दाबायचं होतं. मी दाबलंही. त्यांचे डोळे वर गेले तेव्हा सोडलं.

ते बराच वेळ खोकत बसले. मग गालातले काटे उपटत म्हणाले, "शब्द दिन्हा व्हता तू."

"कुणाला सांगितलं का मी? सांगा."

"नही सांगं." ते थुंकले. थुंकीत रक्त होतं. "तीन ओळी गयात मन्या. बठ्ठा बाग जाई असा. आयक, मी लाल फडकं बांधस. दिन निंघताच काढी लेस. तुनं बी र्‍हाई, मनं बी र्‍हाई. बस का?"

भाव बरोबर होता. सभेत ठरला होता तोच, आणि या वेळी म्हातारा तो पाळेल हे मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं. दुसऱ्या कुठल्याही सौद्यात मी हात पुढे केला असता.

"नाही," मी म्हणालो.

"मंग किती? तू बोल."

मी खाली बसलो. उजवा हात लटकत होता. कात्रीचा एक दांडा मी मांडीखाली दाबला, दुसरा डाव्या हाताने खाली रेटला. तार तुटायला वेळ लागला. नाना बसून बघत होते, उठले नाहीत. पलीकडे मक्यात काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मग घुरघुर. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. मी तारेचे तुकडे गोळा केले आणि नाल्यात उतरलो.