मारिगोचा स्लॅब

पिरेअस बंदरात घर असणं हा काही गुन्हा नाही, पण मारिगो तीस वर्षं त्याची शिक्षा भोगत होती. तिचं माहेरचं बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर दिसेनासं होईल. तिथे ना दवाखाना, ना कोर्ट, ना धड चष्म्याचं दुकान. दाढ दुखली तरी बोटीत बसायचं आणि पिरेअसला उतरायचं. उतरून जायचं कुठे? धक्क्यावरून चढ चढला की मारिगोचं घर आहेच. हॉटेलं काय, परक्यांसाठी असतात.

येणारे रिकाम्या हाताने येत नसत, हे मान्य. चीज आणत, मध आणत, एकाने तर जिवंत ससा आणला होता. पण त्यांच्या चादरी कोण धुणार? नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा दोघं एक्स-रेसाठी मुक्कामाला होते, आणि तिचं सांत्वन करता करता त्यांनी कॉफी मागितली. बाई अगदी मेटाकुटीला आली होती.

शेवटी तिने ठरवलं, बस्स झालं. बेटावर आईचं घर होतं. भिंती शाबूत, छप्पर पडलेलं. त्यावर स्लॅब टाकायचा आणि उरलेलं आयुष्य आपल्या अंगणात पाय पसरून बसायचं. गवंडी म्हणजे तिचा चुलतभाऊ लिनार्दोस. ईस्टरच्या आत स्लॅब पडलाच समज, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. कुठल्या ईस्टरच्या, ते मात्र सांगितलं नाही.

एक ईस्टर गेला, दुसरा गेला. कधी त्याची कंबर धरली, कधी वारा सुटला, कधी सिमेंटच आलं नाही. आता ह्याला काय म्हणावं? बेटावर सुई जायची तरी पिरेअसवरून जाते. सिमेंटचा ट्रक बोटीत चढताना मारिगोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. फोनवर तसं सुनावलं तर हा पठ्ठ्या म्हणतो, ते दुसरं सिमेंट.

खरा प्रकार बेटावरच्या पाद्र्याच्या बायकोने सांगितला. ती गुडघा दाखवायला आली होती आणि छोल्यांचं सूप ओरपत बसली होती.

"तू इथून गेलीस तर आम्ही उतरायचं कुठे गं?" ती म्हणाली. "म्हणून आम्हीच लिनार्दोसला म्हटलं, जरा सावकाश घे." आणि वाटी पुढे केली.

मारिगोने वाढलं. अख्ख्या गावाने संगनमत करून तिला धक्क्यावर राखणीला बसवलं होतं. त्या रात्री ती रडली, रागाने रडली.

पुढच्याच महिन्यात लिनार्दोस मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आला. मुक्काम अर्थातच मारिगोकडे. डॉक्टरांनी दोन आठवडे हलू नको म्हणून बजावलं. एका डोळ्याला पट्टी बांधून तो कॉफीची वाट बघत बसला होता, तेव्हा मारिगोने त्याच्यासमोर किल्ल्या ठेवल्या.

"चादरी कपाटात आहेत. शुक्रवारी सोतिरिसच्या घरचे चौघं येतायत, त्यांना बोटीवरून घेऊन ये."

"आणि तू?"

"मी माझ्या घरी चालले."

"अगं, त्याला छप्पर कुठाय?"

"ते तुला माहीत," ती म्हणाली आणि गेली.

बेटावर तिने चार भिंतींत खाट टाकली, वर ताडपत्री बांधली. गाव ओशाळलं. जो तो आपल्याकडे झोपायला ये म्हणू लागला. तिने सांगितलं, पाहुणे ही काय चीज असते ते मला विचारा. इकडे पिरेअसला लिनार्दोस एका डोळ्याने छोले निवडत होता. सोतिरिसच्या सुनेला त्याची कॉफी पांचट लागत होती. तीन दिवसांत तो टेकीला आला आणि पोरांना फोन केला: सगळी कामं टाका, आत्याचं घर आधी. घमेली घेऊन सगळं गाव कामाला जुंपलं आणि स्लॅब पडला.

दुसऱ्या दिवशी मारिगो स्लॅबवर पाणी मारत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"झाला ना तुझा स्लॅब?" लिनार्दोस म्हणाला. "आता ये बाई परत. मेलो मी इथे."

"झाला, म्हणूनच येत नाही."

"असं काय करतेस? मग आम्ही उतरायचं कुठे?"

मारिगोने पाणी बंद केलं.

"तीस वर्षांत, लिनार्दोस, तुमच्यातल्या एकाने तरी कधी म्हटलं होतं का, मारिगो, चार दिवस आमच्याकडे उतरायला ये?"

पलीकडून कुणीतरी त्याला विचारत होतं, टॉवेल कुठे ठेवलेत.