मथूच्या हातांचं गाऱ्हाणं

गुरुवार, ता. ४ डिसेंबर १९५८. पहाटे दव. माडांवर पाडेली चढवला, नारळ उतरवून घेतले. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळले. साबण पुन्हा संपला, पुन्हा आणवला. मथू आज शाळेत गेली नाही. रविवारी जत्रा.

एवढं लिहून सत्यवतीने टाक पुसून ठेवला. बेळगावच्या कॉन्व्हेंटात असताना सिस्टरांनी लावलेली ही सवय: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं आणि रडगाणं गायचं नाही. म्हणून मथू शाळेत का गेली नाही, ते तिने लिहिलं नव्हतं. मागच्या दारी विहिरीवर पाण्याचा आवाज चालूच होता. तिची नऊ वर्षांची मुलगी मथुरा जेवायला बसायच्या आधी हात धूत होती, आणि पानावरचा भात केव्हाच निवून गेला होता.

आषाढात सत्यवतीचं तान्हं बाळ जुलाबांनी गेलं. गणपतीनंतर मथूने हे हात धुणं धरलं. पहिल्यांदा कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तिची आजी, आनंदीबाई, हरखून गेली. आनंदीबाईंची एक आत्येसासू होती, बालविधवा, सोवळ्याची इतकी कडक की जळणाची लाकडंसुद्धा धुऊन चुलीत घालायची. घरात तिचं नाव अजून दबकून घेत. आनंदीबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवून सांगू लागली, “बघलात मा? आमच्या चेडवान आत्याबायचा सोवळा उचलल्यान!” बायका तोंडावर हात ठेवून कौतुक करायच्या. आजी खूश झाली की मथू पुन्हा विहिरीवर जायची.

दिवाळीपर्यंत हातांची सालं निघाली. बोटांच्या पेरांतून रक्त येऊ लागलं. पाटीला हात लावायचा नाही, दाराची कडी कोपराने काढायची, आणि कोणी विहिरीवरून ओढून आणली तर जीव जातोय असं रडायचं. मग कौतुकाचं भय झालं. सोवळं उचललं म्हणणारी आनंदीबाई आता कुजबुजू लागली, “आत्याबायच अंगात इली गो.” शेजारच्या गावच्या, भुतं उतरवणाऱ्या घाड्याला बोलावणं गेलं. त्याने तांदूळ टाकून कौल बघितला आणि सांगितलं की रविवारी जत्रेत देवाला गाऱ्हाणं घाला, सोमवारी पोर माझ्या ताब्यात द्या. त्याच्या घरी वेताची छडी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सत्यवतीचा नवरा मुंबईला गोदीत कारकून. दिवाळीत आला तेव्हा त्याने मुलीचे हात बघितले होते. जाताना म्हणाला, “आमच्या साहेबाच्या मुलाला मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे नेतात. घेऊन ये तिला.” सत्यवतीने ते सासूच्या कानावर घातलं आणि घरात ठिणगी पडली.

“मनाचो डाक्टर म्हणजे येड्यांचोच मा?” आनंदीबाई कडाडली. “मडमांच्या शाळेत शिकलंस म्हणान काय पण बोलतंस? भूत लागलेल्या चेडवाक घो मिळता गो, येड्याक मिळणा नाय!”

सत्यवतीला रागापेक्षा भीती वाटली, कारण सासूचं म्हणणं गावापुरतं खरं होतं. भूत बाहेरून येतं, उतरतं, निघून जातं. घरावर डाग राहत नाही. वेड मात्र लोक घराण्यातलंच धरतात. नात वाचावी म्हणूनच म्हातारी तिला छडीखाली द्यायला निघाली होती.

शनिवारी सत्यवती मथूला घेऊन गंगाराम मानकऱ्याच्या घरी गेली. गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो घरापुढच्या खळ्यात बसून सुपारी कातरत होता.

“उद्याच्या गाऱ्हाण्यात आत्याबाईंचं नाव नको, गंगारामभाऊ,” ती म्हणाली. “पोरीच्या मनाला दुखणं झालंय आणि तिला मुंबईच्या डॉक्टरकडे नेतो, असं सांगा.”

गंगारामचा अडकित्ता थांबला. “आज्यापासना चलत इल्ले शब्द, वयनी. भूतखेत, देवचार, नजरबाधा, ह्येच्यात सगळा इला. दुखण्याक येगळो शब्द कित्याक व्हयो?”

“देवापुढे खोटं सांगायचं नाही, असं तुम्हीच दरवर्षी बजावता ना?”

“आनंदीबाय माका जित्तो ठेवतली?”

सत्यवतीने मथूचे हात उघडून त्याच्यापुढे धरले. गंगाराम बघायला वाकला. त्याने बोट लावायला हात पुढे केला, तशी मथू शहारली आणि म्हणाली, “माका हात लावू नकात. तुमका कायतरी होतला.”

म्हातारा मागे सरला. “घरा जा,” एवढंच तो म्हणाला. उद्या तो काय बोलणार, हे न कळताच सत्यवती घरी परतली.

रविवारी देवळासमोर गाव जमला. ज्याचं जे दुखणं-खुपणं असेल ते मानकऱ्याने देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला गावाने होकार भरायचा, ही रीत. गंगारामने श्रीफळ हातात घेतलं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इलीत!”

“व्हय म्हाराजा!”

कोणाच्या गाईचं गाऱ्हाणं झालं, कोणाच्या बोटीचं झालं. सत्यवतीने मथूला पोटाशी धरलं होतं.

“आनंदीबायच्या नातीच्या मनाक दुखणा झालाहा!”

“व्हय म्हाराजा!” गाव सवयीने गरजला.

“जसो ताप येता, तसा ह्या दुखणा! ह्येच्यात तिचो दोष नाय, तिच्या घराचो दोष नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तिका मुंबयच्या डाक्टराकडे न्हेतत, त्येच्या हाताक यश दी! आणि ह्यावरना जो कोण त्या चेडवाक हसात, त्येका तूच काय ता बघून घी!”

“व्हय म्हा...” म्हणता म्हणता मागच्या रांगेतला आवाज अडखळला. आपण कशाला होकार भरला, ते तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं. पण देवासमोर दिलेला होकार परत घेता येत नाही. आनंदीबाई तोंड उघडून उभी होती, आणि सगळ्यांत मोठा होकार तिनेच भरला होता.

नारळ फुटला. पांगापांग झाली. गुळाच्या खाज्याच्या दुकानाशी काशीबाई सुतारीण सत्यवतीच्या जवळ आली. डोक्यावरचा पदर सारखा करत, इकडेतिकडे बघत म्हणाली, “गो, माझो धोंडू... वाघाच्या स्वप्नान रोज किंचाळता. आमी कोणाक सांगूक नाय. त्या डाक्टराचो पत्तो माका देशीत?”

हे आनंदीबाईने ऐकलं. वाटेत ती म्हणाली, “बोट कधी सुटता?” आणि थोड्या वेळाने, “घाड्याक मीच निरोप धाडतंय.”

मालवणच्या बंदरावरून तिघी बोटीत चढल्या. म्हातारी हट्टाने बरोबर आली. मुंबईचा डॉक्टर साधा, पोक काढून बसणारा माणूस होता. इंजेक्शन नाही, छडी नाही. त्याने मथूपुढे खडू टाकले आणि स्वतःच चित्रं काढत बसला. पुष्कळ फेऱ्या झाल्या. एके दिवशी मथू चित्र काढता काढताच बोलली. बाळ गेलं त्या दिवशी घरभर बायका होत्या. त्यांतलं कोणीतरी म्हणालं होतं, हात न धुता बाळाला घेतलं असेल कोणी.

“मीच घेतलेलंय,” मथू म्हणाली. “बाळ माझ्या हातान गेला.”

आनंदीबाई उठली, खाली नातीपाशी फतकल मारून बसली, आणि ते सोललेले हात स्वतःच्या गालांवर ठेवले. “बघ, माका काय झाला? काय नाय झाला. गावात त्या महिन्यात किती पोरा गेली, गो बाय. तुझ्या हातान नाय गेला.”

दुखणं एका दिवसात गेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं रागवायचं नाही, कौतुकही करायचं नाही. हात धुवावेसे वाटले की आधी जवळ येऊन सांगायचं, मग थोडं थांबायचं. मथू थांबायला शिकली. कधी रडून विहिरीकडे पळालीही. पण उन्हाळ्यात ती गावी आली तेव्हा पेरं भरून आली होती, आणि जूनमध्ये ती शाळेत गेली. धोंडूही काशीबाईबरोबर मुंबईला जाऊन आला.

पुढच्या जत्रेत गंगारामने गाऱ्हाणं घातलं तेव्हा त्याला शिकवावं लागलं नाही. “ज्यांच्या पोरांच्या मनाक दुखणा आसा, तेंका ता लपवन ठेवूक लावू नको, म्हाराजा,” असं तो म्हणाला, आणि होकार भरताना मागची रांग अडखळली नाही. मथूने खाज्याची पुडी स्वतः फोडली, आजीला भरवली, आणि बोटं चाटली. सत्यवतीच्या छातीवरचं वर्षभराचं ओझं तिथेच, दुकानासमोर, उतरलं.

संध्याकाळी तिने नेहमीसारखी वही काढली. जत्रेला गर्दी चांगली, असं लिहिलं. सासूबाईंचे गुडघे बरे, असं लिहिलं. मग खाली एक ओळ: साबणाची वडी अजून अर्धी शिल्लक आहे.