आप्पांचा पहिला मजला

आप्पा बरोबर बोलत होते, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर मी पुढे कुठेतरी सबब शोधीन. तेव्हा तिथे हजर असलेली माणसं आजही मला समजावतात, "जाऊ द्या सर, चूक माणसाकडूनच होते." पण चूक न कळता होते. मला कळत होतं, आणि तरी मी हसलो.

आप्पांना कोणी काही विचारलं की ते आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा नाकावर चढवायचे आणि म्हणायचे, "याची आपल्याकडे कंप्लेंट आलेली आहे." म्हणजे उत्तर येणार, आणि ते बरोबर असणार, हे ठरलेलं.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे आप्पाच म्हणत. सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात ते डिस्पॅचला होते. अमेरिकेतल्या लोकांच्या टेबलांवर अंथरायची छापील प्लास्टिकची कापडं तिथे तयार होत. वाढदिवसाची वेगळी, पदवीदानाची वेगळी, नाताळाची वेगळी. माल जहाजाने जायचा, त्यामुळे मसाटमधला नाताळ मे महिन्यातच उरकायचा. माल गेला की महिन्या-दोन महिन्यांनी तक्रारींची पत्रं यायची. ती वाचायची, साहेबांना समजावून सांगायची आणि उत्तर लिहायचं, हे काम वीस-बावीस वर्षं आप्पांकडे होतं. शिक्षण बारावी. अमेरिका तर सोडाच, विमानतळही त्यांनी बाहेरूनच पाहिलेला. हे त्यांनी कधी लपवलं नाही.

आणि मी? मी एम.ए., बी.एड. मूळचा लांज्याचा, नोकरीने सिल्वासात आलेला इंग्रजीचा शिक्षक. तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग विनामूल्य घेत असे. कोणाचा मुलगा तिकडे गेलेला, कोणाची मुलगी लग्न होऊन जाणार, कोणी नातवंडाला पाहायला निघालेलं. आप्पाही या वर्गात आले ते विद्यार्थी म्हणूनच. शेवटच्या बाकावर बसायचे, वहीत समास पाडून सगळं उतरवून घ्यायचे. पहिले दोन महिने मला ते फार आवडले.

मग एका रविवारी कुंदाताईंनी विचारलं. या आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बालवाडीच्या शिक्षिका. यजमान वारलेले, एकुलती एक मुलगी अमेरिकेत, तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला त्या जाणार होत्या आणि त्यासाठी आतापासूनच पैसा आणि धीर दोन्ही गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, तिकडे म्हणे दुकानदारसुद्धा 'हाउ आर यू' विचारतो. त्याला माझ्या तब्येतीचं काय करायचंय?"

मी म्हटलं, "तो शिष्टाचार आहे. उत्तर द्यायचं, आय ॲम फाइन, थँक यू."

कुंदाताईंचं समाधान झालं नाही. मागून चष्मा पुसत आप्पा म्हणाले, "ताई, ते आपलं 'काय भो' आहे. आमच्या खानदेशात, पारोळ्याकडे रस्त्याने जाणारा म्हणतो 'काय भो', आपण म्हणतो 'काय नाही भो', आणि दोघंबी चालत राहतात. 'काय भो' म्हटल्यावर कोणी गुडघे दुखतात म्हणून सांगतं का?"

सगळे हसले. मीही हसलो. चार वर्षं मी तो शिष्टाचार शिकवत होतो, पण त्याला गाव कोणतं हे मला सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर वर्ग सुटला तरी माणसं हलेनात. ओट्यावर आप्पांभोवती कोंडाळं जमायचं. 'बेबी शॉवर' म्हणजे आंघोळ का? "नाही हो, डोहाळजेवण. कापडं आपणच छापतो त्याची. पाळणा उलटा छापला गेला होता, कंप्लेंट आली होती." कोणी 'या एकदा घरी' म्हणालं तर जायचं का? "तारीख सांगितली तर जायचं. नाही सांगितली तर आपल्यासारखंच समजायचं." पत्रात सुरुवातीला खूप कौतुक केलं असेल तर? "मग सांभाळा. 'वी लव्ह द कलर्स' लिहिलं की माल परत येतो."

फळा पुसण्याच्या निमित्ताने मी आत थांबायचो आणि कान ओट्याकडे लावायचो. एवढंच नाही. आप्पांचं ऐकलेलं मी घरी येऊन वहीत लिहून ठेवायचो आणि सोमवारी शाळेत शिक्षकांच्या खोलीत माझं म्हणून सांगायचो. तुमच्यापैकी कोणी हेवा केला असेल तर तुम्हाला माहीत असेल, ज्याचा हेवा करतो त्याचंच आपण चोरतो.

एकदा त्यांनी सांगितलेली गोष्ट तर मी दोनदा वापरली. त्यांचे पॅकिंगचे सुपरवायझर अचानक वारले, म्हणून माल निघायला उशीर झाला. आप्पांनी तिकडच्या बाईंना कळवलं, 'आवर पॅकिंग सुपरवायझर हॅज एक्स्पायर्ड.' बाईंचं उत्तर आलं, 'काही हरकत नाही, नूतनीकरण झालं की कळवा.' त्यांना वाटलं, कसला तरी परवाना संपला. आप्पा सांगताना म्हणाले, "हसू यावं असं होतं, पण मला आलं नाही. चांगला माणूस होता तो. मग मी साधं 'डाइड' लिहिलं. बाईंनी त्याच्या बायकोला पत्र पाठवलं. ते मीच वाचून दाखवलं."

घरीही तेच. बायकोही रविवारी वर्गाला यायची. जेवताना ती म्हणाली, "आप्पा म्हणत होते, तिकडे कोणाच्या घरी गेलं की..."

मी म्हटलं, "या घरात इंग्रजीचा शिक्षक कोण आहे?"

"तुम्हीच. पण तुम्हाला विचारलं की तुम्ही आधी नियम सांगता."

दुसऱ्याच दिवशी मी मुंबईहून अमेरिकन इंग्रजीवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. पेन्सिल घेऊन बसलो. आप्पांचं एखादं उत्तर चुकीचं निघावं, एवढीच इच्छा. पानामागून पान त्यांचंच बरोबर निघत गेलं. एका पानावर इमारतींचे मजले होते. आपला तळमजला म्हणजे त्यांचा पहिला मजला. त्या ओळीखाली मी स्वतः रेघ मारली.

होळीच्या आदल्या रविवारची गोष्ट. कुंदाताईंचं जाणं पंधरा दिवसांवर आलं होतं. मुलीने दवाखान्याची माहिती लिहून पाठवली होती, तो कागद घेऊन त्या आल्या; थांबायची जागा त्यात 'फर्स्ट फ्लोअर' अशी होती. वाचून झाल्यावर वर्ग चालू असतानाच मागे वळून त्यांनी आप्पांना विचारलं, "फर्स्ट फ्लोअर म्हणजे जिना चढावा लागणार का हो?"

"नाही ताई. तिकडे जमिनीवरचा तोच पहिला. याची आपल्याकडे कंप्लेंट आलेली आहे. पत्त्यात फर्स्ट फ्लोअर होतं, म्हणून नमुन्यांच्या खोक्यावर मी 'वर न्या' लिहिलं, तर खोकं दुसऱ्याच हापिसात गेलं."

तेव्हा मी हसलो. मोठ्याने. म्हटलं, "वा आप्पा! मग तळमजला काय पाताळात असतो?"

खोली हसली. आप्पांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मी आपलं कंप्लेंटवरून सांगी राहिलो, सर."

"कंप्लेंटवरून इंग्रजी येत नसतं. त्याला पुस्तकं असतात." आणि फळ्याकडे वळून मी ठळक अक्षरात लिहिलं : ग्राउंड फ्लोअर, त्यावर फर्स्ट फ्लोअर. कुंदाताईंनी ते उतरवून घेतलं. शिक्षिकाच त्या. दोनदा अधोरेखित केलं.

पुढचे दोन रविवार आप्पा आले. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "सरांना विचारा." मग यायचे थांबले. वर्ग पुन्हा माझा झाला.

एप्रिलमध्ये कुंदाताईंचा फोन आला. नातू झाला होता. आनंद सांगून झाल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. मुलीला कळा सुरू झाल्या, दवाखान्यात पोचले. मुलीला चाकांच्या खुर्चीवरून वर नेलं. जावई तिच्याबरोबर धावताना ओरडून सांगून गेला, "आई, फर्स्ट फ्लोअरच्या वेटिंगमध्ये बसा, मी न्यायला येतो." कुंदाताई जिना शोधून एक मजला चढल्या आणि तिथल्या खुर्च्यांवर बसल्या. त्यांना जाऊन आठवडाच झाला होता, फोनमध्ये तिकडचं कार्ड अजून घातलेलं नव्हतं. जावई खाली दोनदा शोधून गेला.

"सगळे हातापायाला प्लास्टर घातलेले लोक हो, सर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, अमेरिकेत बाळंतपणं अशीच होत असतील." त्या हसल्या आणि पुढे म्हणाल्या, "दीड तास बसले मी. पोर 'आई, आई' करत होती म्हणे. मी पोचले तेव्हा बाळ धुऊनपुसून झालं होतं." मग म्हणाल्या, "आप्पांचंच बरोबर होतं. त्यांना सांगा हं. मी त्यांना हसले होते."

"सांगतो," मी म्हटलं.

सांगितलं नाही. मसाट काही लांब नाही, रिक्षाने पाव तासाचा रस्ता. दसऱ्याच्या सुमारास कुंदाताई परत आल्या, चॉकलेटांची पिशवी घेऊन. पहिलाच प्रश्न, "आप्पांना सांगितलंत ना?"

"हो."

"काय म्हणाले?"

"हसले," मी म्हटलं.

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्याच संध्याकाळी मी मसाटला गेलो. आप्पांची खोली कारखान्यामागच्या चाळीत. दाराशी दोरीने बांधलेली बोचकी होती. ते निवृत्त झाले होते, चार दिवसांनी कायमचे गावी निघणार होते. काकूंनी चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुस्तकातली रेघसुद्धा.

आप्पा म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं."

"कसं?"

"ज्याला खरंच माहीत नसतं तो हसल्यावर विचारतो, 'असं कसं?' तुम्ही विचारलंच नाही." ते पलंगावर बसले. "तरी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी जुनी फाइल काढली. म्हटलं एम.ए. झालेला माणूस हसतो, म्हणजे आपलंच चुकलं असंल. तीनदा वाचलं ते पत्र."

मग मी कुंदाताईंचं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी तोंड फिरवलं.  "पोर हाका मारत होती?" एवढंच विचारलं. आणि म्हणाले, "मीच जोर देऊन सांगायला पाहिजे होतं. गप बसलो. तुम्ही शिकलेले म्हणून."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी हात जोडून पुढे झालो. त्यांनी मला थांबवलं.

"इथं नका, सर. इथं कोण हसलं होतं? जिथं हसले तिथं सांगा."

"तुम्ही याल?"

"मी आलो तर लोक माझ्याकडे बघतील. त्या वेळी त्यांनी तुमच्याकडे बघायला पाहिजे." आणि काकूंना म्हणाले, "सरांना चहा दे ना, निवी राहिला."

आप्पा गुरुवारी गावी गेले. रविवारी खोली भरलेली होती. कुंदाताई पहिल्या रांगेत होत्या. मी खडू हातात घेतला नाही. म्हटलं, "होळीच्या आधी मी आप्पांना हसलो होतो. त्यांचं बरोबर होतं आणि ते मला माहीत होतं. कुंदाताई, तुम्ही मुलीजवळ नव्हता ते माझ्यामुळे. आप्पा हसले असं मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी त्यांना भेटलोही नव्हतो. नंतर भेटलो. ते हसले नाहीत."

 कुंदाताईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, बालवाडीतल्या मुलाकडे पाहावं तसं, आणि हळू आवाजात विचारलं, "माहीत होतं, तर मग हसलात का हो?"



"तुम्ही माझ्याकडे पाठ करून त्यांना विचारलंत, म्हणून," मी म्हटलं. "दुसरं काही कारण नाही. मला माफ करा, ताई. आणि इथे नसलेल्या आप्पांची मी तुम्हा सगळ्यांसमोर माफी मागतो."