मोटरसायकलवरची गादी

पिंजलेल्या कापसाचा वास आला की मले भिलाईतल्या आमच्या क्वार्टरचं अंगण आठवते. सासऱ्यांचं आता काही खरं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, अन् त्यांना मरायचं होतं भंडाऱ्याकडच्या आपल्या गावात. रेल्वेची गर्दी सोसवली नसती, म्हणून मी मोटरसायकलच्या सीटवर जाड गादी शिवली. पडू नये म्हणून आमच्या यांनी माझ्या लुगड्यानं त्यांना आपल्या कमरेशी बांधलं. "कावून बे, एवढं आवळून राहिला? मी का धानाचं पोतं हाय?" सासरे हसले, लेकाच्या पाठीवर डोकं टेकवून म्हणाले, "बस, निंघ आता." मग बोललेच नाही. मी नाकापाशी हात धरला, श्वास नव्हता. गाठ सोडाले गेली तर यांनी माझा हात धरला. "बाबा निंघ म्हणाले ना?" अन् गाडी सुरू केली. आता मी सासऱ्यांच्याच वयाची झाली. माझ्या पोरांले त्या गावाचा रस्ताही ठाऊक नाही.