वीरभद्रप्पांचे गळ

वीरभद्रप्पा नव्या पेठेतल्या एका दुकानात कापड मोजून द्यायचे. घरात मासा कधी शिजला नव्हता. गळ्यात लिंग, पूजेशिवाय तोंडात पाणी नाही. अशा माणसाला नाद लागला गोऱ्या साहेबांच्या जुन्या गळांचा. मोडीच्या बाजारात ते मिळत: लाकडाचे रंगीत मासे, काचेचे डोळे, पोटाखाली आकडे. साहेब लोक ते पाण्यात सोडून खऱ्या माशाला फसवत. वीरभद्रप्पा ते जवसाच्या तेलानं पुसून आतल्या खोलीत दोऱ्यानं टांगत.

"ज्या घरचं जेवायचं न्हाय, त्या घरचं आवतण कशाला सांभाळायचं?" बायको नीलम्मा म्हणायची.

"नक्षी बघ की," ते म्हणायचे. "पन्नास वर्षांपूर्वीचा हात हाय."

चौऱ्याहत्तर साली लेक ईरम्मा पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा नीलम्मानं ठरवलं की मूल घरात येण्याआधी हे आकडे बाहेर गेले पाहिजेत. कारण नुसतं आकड्यांचं नव्हतं. झाडू मारताना तिला सगळ्या माशांची तोंडं परसातल्या विहिरीकडे दिसायची. ती एकेक हातानं फिरवायची. भाकरी थापून येईपर्यंत ती परत तिकडेच. त्या खोलीला खिडकी नव्हती.

नवऱ्यानं ऐकलं नाही. मग एके सकाळी लेकीला डॉक्टरणीकडे नेताना तिनं भांडी घासणाऱ्या गोजाबाईला सांगितलं, "मालक दुकानात गेले की सगळा गाळ काढून टाक. जरासुदिक ठेवू नको."

"एकटीला व्हायचं न्हाय," गोजाबाई म्हणाली. "माझ्या धन्याला बोलावते."

तीही भ्याली असावी, असं नीलम्माला वाटलं. नीलम्माचं माहेर वळसंगचं. घाईत मराठीत कानडी शब्द यायचा. कानडीत गाळ म्हणजे मासे धरायचा गळ. धनगराघरच्या गोजाबाईला मराठीतला गाळच ठाऊक.

दुपारी मायलेकी परतल्या, तर परसभर काळा चिखल. गोजाबाईचा नवरा धुळाप्पा विहिरीच्या कठड्यावर पाय धूत होता.

"कंबरभर निघाला, बाई. वीस वर्सांचा तरी आसंल," तो म्हणाला. "आन् ह्यो बी निघाला."

त्याच्या हातात लाकडी मासा होता. रंग उडालेला नव्हता. नीलम्मानं नाकाशी नेला. जवसाच्या तेलाचा वास येत होता.

संध्याकाळी वीरभद्रप्पांनी तो बराच वेळ हातात धरला. "ह्यो माझा न्हाय," ते म्हणाले. तरी इतरांच्या शेजारी टांगला.

दुसऱ्या दिवशी नीलम्मा झाडायला आत गेली. एकही तोंड विहिरीकडे नव्हतं. सगळी एकाच भिंतीकडे वळली होती, आणि त्या भिंतीपलीकडे ईरम्मा झोपली होती.

तिनं चूल पेटवली नाही. लेकीला उठवलं आणि पहिल्या मोटारीनं भावाकडे वळसंगला नेलं. तिथं मुलगी झाली, धडधाकट.

बारशाला वीरभद्रप्पा टोपडं घेऊन आले. त्यांची हाडं दिसायला लागली होती. ईरम्मानं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. नीलम्मानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "काढले का?"

"तू गेलीस त्याच दिवशी. पोत्यात भरून लोहाराच्या भट्टीत घातले. समोर उभा राहून जाळले."

"मग घरी कधी न्यायला येताय?"

त्यांनी बाळाच्या मुठीत बोट दिलं.

"नीलम्मा, तवापासनं मी बाजारात पाय ठेवलेला न्हाय," ते हळू म्हणाले. "पण रोज सकाळी खोलीत एक नवा टांगलेला असतोच. काल टांगायला जागा उरली न्हाय, तर दोन जमिनीवर होते. ओले."

बाहेर बायका पाळण्याला फुलं बांधत होत्या. नीलम्मानं वाकून बाळ उचललं.

"तुमी हितंच ऱ्हायला या," ती म्हणाली. "त्या घराला कुलूप घाला. किल्ली आणू नका."