हळद लावलेलं धोतर

वाशीमच्या त्या फोटोवाल्याचा चेहरा मला आठवत नाही, तळहात तेवढा आठवतो. केनवडला आमच्या अंगणात तो एकदाच आला होता. आमचे हे तापाने फणफणलेले. अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपून उभी होती. पण सासूबाईंना आधी त्यांचा फोटो हवा होता. कशासाठी, ते कोणी बोललं नाही.

फोटोवाल्याने आपला तळहात यांच्या तोंडाजवळ धरून उलटासुलटा करून पाहिला. "एका गालावर अंधार येऊन राह्यला. बाजूनं पांढरं धोतर धरा, उजेड उलटून तोंडावर पडन."

मी धोतर उलगडताच सासूबाई ओरडल्या, "पांढरं कापड नको माह्या पोराजवळ!"

तो चपापला. त्याने स्वतःचे कान धरले. मग हळूच म्हणाला, "हळदीची बोटं लावा, माय. उजेडाले हळद चालते."

सासूबाईंनी चारी कोपऱ्यांना हळद लावली. मी धोतर ताणून उभी राहिले.

"जो हालला त्याचा फोटोत धूर होते," असं बजावून त्याने भिंगावरचं झाकण काढलं, ओठांतल्या ओठांत आकडे मोजले आणि झाकण परत लावलं. तोवर त्यानेही श्वास रोखला होता.

"चांगला येईन ना?" मी विचारलं.

"फोटोची काच धुतल्याबिगर काई सांगता येत नाही, बाई."

हे बरे होऊन घरी आले, तोवर फोटो आला होता. यांचे दोन्ही गाल लख्ख. कडेला धोतराचा मात्र नुसता धूर. यांनी त्या धुरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढी भेली व्हती तू?"